मुका गाडा

तोलोमुशच्या वर्कशॉपात कुणीही काहीही बोललं की समोरच्यानं आधी "काय?" म्हणायचं, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. एका बाजूला पत्रा कापायचं यंत्र किंचाळतंय, शेजारच्या कंटेनरात कुणीतरी लोखंडावर घण घालतोय, बाहेर दोर्दोय बाजारातले हमाल "वाट द्या, वाट" करत गाडे पळवतायत. अशा जागी एखाद्याला ऐकू आलं नाही तर त्याचं कुणाला काय! ओमुरबेकला म्हणूनच तिथं बरं वाटायचं. बिश्केकमध्ये दुसरीकडे कुठंही आताशा त्याचा जीव इतका निवांत नसे.

तो आला होता गाडा करून घ्यायला. सिनेमाचा आवाज टिपणारा माणूस. उभी हयात रेकॉर्डरची पिशवी गळ्यात अडकवून डोंगर तुडवले. नवी मंडळी चाकाच्या गाड्यावर सगळं मांडून, खुर्ची टाकून बसायची, तेव्हा हा त्यांना हसायचा. "आवाज म्हणजे काय भाजी आहे, गाड्यावर मांडायला?" म्हणायचा. आणि आता साठीला टेकल्यावर ह्या गृहस्थाला गाडा हवा झाला. कुणी विचारलं तर म्हणे, कंबर गेली.

तोलोमुश त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं एका हमालाचा जुना गाडा मिळवला, त्याची लोखंडी चाकं काढून फेकली आणि सायकलची बसवली. हवा जरा कमीच भरली, म्हणजे दगडावरून जाताना खडखड नको. फळ्यांवर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, चिकटवला. तो नमदा म्हणजे ओमुरबेकच्या बायकोच्या माहेरचा जुना गालिचा. तो कापला म्हणून घरात तीन दिवस धड चहा मिळाला नव्हता. माइकच्या काठ्या उभ्या करायला कडेनं प्लास्टिकच्या नळ्या लावल्या. खाली मोटारीची बॅटरी. आणि सगळ्यांच्या वर, डोळ्यांसमोर येईल असा, एका दांड्यावर भला मोठा स्क्रीन.

"एवढा मोठा कशाला रे?" तोलोमुशनं विचारलं. "सिनेमा काढणार आहेस की बघणार आहेस?"

"डोळे गेलेत."

"काय?"

"डोळे! डोळे गेलेत म्हटलं!"

"कंबर गेली, डोळे गेले. मग राहिलं काय तुझं?"

"कान," ओमुरबेक म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

कारण गेले होते ते कानच. सगळे नव्हे. घोड्यांच्या टापा, इंजिन, वारा, पुरुषांचं बोलणं, हे खालचं सगळं येत होतं. वरचं गेलं होतं. किटलीची शिट्टी, पाकोळ्या, रातकिडे, फोनची घंटी, सगळं हळूहळू बंद पडत गेलं. घरातल्या दोन किटल्या त्याच्या शेजारी कोरड्या पडून जळाल्या, तेव्हा "लक्ष नव्हतं" म्हणून त्यानं वेळ मारून नेली. माणसांच्या बोलण्यातली स, श अशी अक्षरं गळून पडायची, ती तो ओठांवरून भरून काढायचा. पण रेकॉर्डरच्या छोट्या स्क्रीनवर आवाज दिसतो. डावीकडे जाडे सूर, उजवीकडे बारीक, प्रत्येकाची आपापली पट्टी वरखाली होते. त्या पट्ट्यांत डोळे घालून त्यानं मागचा अख्खा सिनेमा टिपला होता, आणि कुणाला पत्ता लागला नव्हता. नदीकाठच्या प्रसंगांत कसलीशी सळसळ निघाली, तेव्हा तिचा दोष अल्माटीत आवाजांचं मिश्रण करणाऱ्या माणसावर गेला. त्याचं पुढचं काम गेलं. ओमुरबेकनं तेव्हा तोंडातून चकार शब्द काढला नाही.

हे बाहेर फुटलं तर संपलं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आंधळ्याच्या हाती कॅमेरा कोण देतो? दुसरं कुठलं काम त्याला येत नव्हतं आणि दुसऱ्या कामाची त्याला गोडीही नव्हती. म्हणून हा गाडा. गाड्यावर मोठा स्क्रीन, स्क्रीनवर पट्ट्या, की आणखी काही वर्षं निघतील.

रेकॉर्डरला त्याची स्वतःची बॅटरी होती. पण स्क्रीन कुठल्याशा कचेरीतून टाकून दिलेला, भिंतीतल्या विजेवर चालणारा. त्याच्यासाठी तोलोमुशनं पलीकडच्या दुकानातून एक छोटा इन्व्हर्टर आणला.

"ह्यात पंखा नाही," तो म्हणाला. "आवाजच करत नाही. मुका आहे, मुका."

"बघून घेऊ. आवाज झाला तर माझा धंदा बसला."

तोलोमुशनं कापायचं यंत्र बंद केलं, शेजाऱ्याला ओरडून घण थांबवायला लावला, दार ओढून घेतलं. इन्व्हर्टर चालू केला. दोघेही गाड्यावर वाकले, श्वास धरून. एकाचे कान लोखंड ठोकून ठोकून गेलेले, दुसऱ्याचे कसे गेले ते देवाला ठाऊक.

"येतंय काही?"

"काही नाही."

"बघ, म्हटलं नव्हतं?"

तेवढ्यात तोलोमुशची सून चहा घेऊन आत आली. तिनं तोंड वाकडं केलं, खांद्यानं एक कान दाबून धरला, किटली आदळली आणि एक शब्द न बोलता निघून गेली.

"हिचं आज काहीतरी बिनसलंय," तोलोमुश म्हणाला, आणि दोघं चहा प्यायला बसले.

*

आठवड्याभरात गाडा कोचकोरच्या वरच्या अंगाला, एका खेड्यात जाऊन पोचला. तिथं कालबुबू नावाच्या म्हातारीचं वर्षाचं जेवण होतं. आश म्हणतात त्याला. घोडा कापलेला, कढया चढलेल्या, अंगणात बायका पिठाचे गोळे तळतायत, कुंपणाला पन्नासेक घोडे बांधलेले. अंगणाच्या मधोमध यर्ट, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारला होता, आणि त्यात मेलेलीचे कपडे टांगून ठेवले होते.

दिग्दर्शक कुबात दोन वर्षं रडगाणी गाणाऱ्या बायकांवर सिनेमा करत होता. कोशोक म्हणजे मेलेल्या माणसाला उद्देशून बाईनं सुरात रडणं, शब्द तिचे, त्या घडीला सुचलेले. ते गंमत म्हणून गात नाहीत, सराव म्हणून गात नाहीत. मेलेलं माणूस नसताना कोशोक म्हणणं म्हणजे मरणाला घरी बोलावणं. आणि वर्षाच्या जेवणाला शेवटचा कोशोक झाला की झालं. काळे कपडे उतरतात, कपडे खुंटीवरून निघतात, आणि त्या माणसाच्या नावानं पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

गाणार होती बुरुल आपा, कालबुबूची धाकटी बहीण. धाकटी म्हणजे ऐंशीची. घाटापलीकडे राहायची. बहीण गेली तेव्हा अवेळी पडलेल्या बर्फानं घाट बंद होता, मातीला ती पोचलीच नाही. म्हणजे ह्या घरात, बहिणीच्या कपड्यांसमोर, तिचा हा पहिला कोशोक आणि हाच शेवटचा.

"दोनदा म्हणायला सांगायचं नाही," तिनं सकाळीच कुबातला बजावलं होतं. "मध्ये थांबवायचं नाही. तुमचं ते काय बिघडलं तरी मी थांबायची नाही."

"नाही थांबवणार, आपा."

मग तिनं ओमुरबेककडे पाहिलं. तो गाड्याची चाकं पुसत बसला होता. "आणि तू रे पोरा? माझा आवाज आता पार गेलाय. तुला येईल ना नीट ऐकू?"

"येईल, आपा. सगळं येईल."

बोलून तर गेला. मग चाक पुसायचं सोडून तो नुसताच फडकं धरून बसला.

सालकिन त्याची माइकवाली. दहा-बारा वर्षं ती त्याच्याबरोबर काठी धरत होती. उंचापुरी, कमी बोलणारी बाई, आता तिची स्वतःची मुलं शाळेत जात होती. ती नारीनहून आपल्या आईकडून थेट इथं आली होती, त्यामुळे गाडा तिनं आत्ताच पाहिला. तिनं चारी बाजूंनी फिरून तो बघितला, नमद्यावरून हात फिरवला.

"वहिनींचा गालिचा ना हा, आगाय?" ती त्याला आगाय म्हणजे गुरुजी म्हणायची.

"बोलू नकोस त्याविषयी."

"स्क्रीन खूप मोठा घेतलात."

"डोळे," ओमुरबेक म्हणाला.

सालकिन त्याच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. ती नेहमी डावीकडेच उभी राहते, आणि त्याच्याशी जरा मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून बोलते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

बॅटरी वाचवायची म्हणून स्क्रीन त्यानं शेवटपर्यंत बंद ठेवला. अंगणात कोकरं ओरडत होती, पाहुणे येत होते, पुरुष मंडळी रिवाजाप्रमाणे दारापर्यंत मोठ्यानं हंबरडा फोडत येत होती. त्यानं गाडा यर्टमध्ये ढकलला. चाकं जराही वाजली नाहीत, आणि तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटलं. नमद्याच्या जाड भिंतींच्या आत आल्यावर बाहेरचा सगळा कालवा एकदम दूर गेला. असं शांत ठिकाण आवाजाच्या माणसाला स्वप्नातसुद्धा मिळत नाही.

बायका आत येऊन बसल्या. बुरुल आपा बहिणीच्या कपड्यांसमोर, भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून बसली. कोशोक तसाच म्हणायचा असतो. सालकिननं काठी लांबवून माइक तिच्या डोक्यावरून पुढे नेला. कॅमेरा सुरू झाला. ओमुरबेकनं हेडफोन चढवले आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं. स्क्रीन उजळला.

दाराशी एक शिकारी कुत्रं झोपलं होतं. ते उठलं, कान पाडले, आणि बाहेर निघून गेलं.

*

"कालबुबू," म्हातारीनं हाक मारली. गाणं नव्हे, नुसती हाक. अंगणातून आत यावं आणि बहीण कुठल्या खोलीत आहे म्हणून विचारावं, तशी. मग तिचा सूर लागला.

घाट उतरून आले गं, दार कुणी उघडेना. चूल तुझी पेटलेली, चहा कुणी ओतेना.

हे शब्द ओमुरबेकला अर्धेच आले. बाकीचे त्यानं नंतर दुसऱ्यांकडून ऐकले. त्याचे डोळे पट्ट्यांवर होते. डावीकडच्या जाड पट्ट्या छान चढत होत्या, मधल्या थरथरत होत्या. म्हातारीचा आवाज गेला म्हणत होती, कुठला गेला! त्यानं बोटानं थोडा दाबला, थोडा सोडला. हात बसलेला होता. सगळं ठीक चाललं होतं.

आणि मग त्याला ती रेघ दिसली.

अगदी उजव्या टोकाला, बारीक सुरांच्या बाजूला, एक उभी रेघ. म्हातारी गात होती तेव्हा ती होती, म्हातारीनं श्वास घेतला तेव्हा बाकीच्या सगळ्या पट्ट्या बसल्या, तरी ती तशीच उभी. हलत नाही, डुलत नाही. स्क्रीनचाच काही डाग असेल म्हणून त्यानं बोटानं पुसून पाहिला.

त्यानं सालकिनकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठ्या होत्या. ती काठी हळूहळू फिरवत होती, माइकचं तोंड म्हातारीवर ठेवून पाठ गाड्याकडे येईल अशी. तिनं ती जशी फिरवली तशी रेघ थोडी बुटकी झाली. थोडीच. मग तिनं डोळे वर केले आणि त्याच्याकडे बघितलं, आणि मग गाड्याकडे. आणि पुन्हा त्याच्याकडे.

गाडा वाजत होता. त्यानं बायकोचा गालिचा कापून, चाकांतली हवा सोडून, इतका जपून करून घेतलेला गाडा शिट्टी घालत होता, इतकी बारीक की ती ह्या यर्टमध्ये दोनच माणसांना ऐकू येत नव्हती. ऐंशीच्या म्हातारीला आणि त्याला. कुत्र्यालासुद्धा आली होती. तोलोमुशच्या सुनेला आली होती. आता त्याला तिचा तो दाबलेला कान आठवला आणि कानशिलं तापली.

कोशोक थांबवता येत नव्हता. इन्व्हर्टर बंद करता येत होता. पण इन्व्हर्टर बंद केला की स्क्रीन गेला, आणि स्क्रीन गेला की हाताशी राहिले नुसते कान.

म्हातारी रडत होती. शब्दांच्या मध्ये तिचा आवाज फुटत होता, आणि तिच्यामागे बायकांचे हुंदके सुरू झाले होते. ओमुरबेकनं बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला. त्यात त्याचं स्वतःचं तोंड तेवढं दिसलं.

सालकिनच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. म्हणजे शिट्टी गेली.

आता इथं थांबता आलं असतं, हे त्याला कळत होतं. कुणाला काय कळणार होतं? तो हेडफोन घालून, मान खाली घालून बसला असता, बोटं बटणांवर ठेवून, ऐकण्याचं सोंग करत. मागची काही वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? रेकॉर्डरवरच्या इवल्याशा पट्ट्या आताशा त्याला चष्म्यातूनही नीट दिसत नव्हत्या, पण सोंगाला त्या दिसायची गरज नव्हती. म्हातारीचा सूर आता चढायला लागला होता. आणखी चढला असता तर आवाज फाटला असता, आणि फाटलेला आवाज कुणाच्या बापाला पुन्हा शिवता येत नाही. आणि त्याला कळलंही नसतं. सकाळी तो म्हणाला होता, सगळं येईल.

त्यानं हेडफोन काढले आणि सालकिनच्या दिशेनं हात लांब करून धरले.

असं कुणी करत नाही. चालू चित्रणात आवाजाचा माणूस हेडफोन उतरवत नाही, म्हणजे नाहीच. कॅमेऱ्याशेजारी उभा कुबात वळला. त्याचे डोळे एवढे मोठे झाले. सालकिन मात्र दचकली नाही. ती जणू कधीची वाट बघत असल्यासारखी मागे सरकली, एक पाऊल, दुसरं पाऊल. तिनं काठी त्याच्या खांद्यावर टेकवली, त्याचे दोन्ही हात तिच्या हातांखालून पुढे आले आणि पकड बदलली. माइक बोटभरही हलला नाही. तिनं हेडफोन घातले, वाकून रेकॉर्डर पाहिला, आणि एक बटण पटकन खाली घेतलं. तेव्हाच म्हातारीनं सूर टिपेला नेला.

ओमुरबेक काठी धरून उभा राहिला. त्याचं आयुष्य काठी धरण्यातच सुरू झालं होतं. पण ते हात तेव्हाचे होते. थोड्याच वेळात दंड थरथरायला लागले. त्यानं कोपर बरगडीत दाबून धरलं. त्याच्या कानांवर आता काहीच नव्हतं, आणि बुरुल आपाची पाठ त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. तिचा आवाज तिच्या पाठीतून येत होता. शब्द त्याला समजत नव्हते. रडणं समजत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि दोन्ही हात गुंतलेले, म्हणून ते पुसता आलं नाही.

*

कोशोक संपला, बायकांनी भिंतीवरचे कपडे उतरवले, मांसाची ताटं फिरायला लागली. कुबातनं ओमुरबेकला दंडाला धरून यर्टमागे नेलं.

"काय नाटक होतं ते?"

"मला ऐकू येत नाही," ओमुरबेक म्हणाला. "वरचं काही येत नाही. सुरुवातीला गाड्याचीच शिट्टी होती. मला ती आलीच नाही."

कुबातनं त्याचा दंड सोडला. पंचवीस वर्षांची दोस्ती. लग्नात एकमेकांचे घोडे धरलेले. "कधीपासून?"

"मागच्या सिनेमाच्या आधीपासून."

"म्हणजे ती नदी..." कुबातला आठवलं. "त्या अल्माटीवाल्याला मी शिव्या घातल्या. त्याच्या तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं होतं मी. आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास."

"हो."

"हो म्हणतोस? लाज वाटते का?"

"वाटते," ओमुरबेक म्हणाला.

कुबातनं आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसताच हात झटकला आणि निघून गेला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ओमुरबेकला वाटलं.

सालकिन गाड्याशी बसून तार गुंडाळत होती. तो तिच्या डाव्या हाताला जाऊन बसला, तर ती उठली आणि फिरून त्याच्या डावीकडे, त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला, येऊन बसली. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तुला कधीचं माहीत होतं?"

"काय, आगाय?"

"आता नको करूस तसं."

सालकिननं तारेची गुंडाळी खाली ठेवली. "बऱ्याच दिवसांपासून. तुम्ही खुणांवर चालायला लागलात तेव्हापासून. मी मुद्दाम जास्त खुणा करायला लागले."

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मी सांगायचं?" ती म्हणाली, आणि जरा चिडूनच म्हणाली. "तुम्ही मला शिकवलंत. आज शिट्टी आली तेव्हाही वाटलं, तुम्हाला येत असेल, तुम्ही मुद्दाम ठेवली असेल. असं वाटून घ्यायची सवय लागली होती मला. तेवढ्यात सुरुवात गेली."

"किती गेली?"

"हाक. आणि पहिली काही कडवी."

ओमुरबेक उठला. चहाचा वाडगा घेऊन तो बुरुल आपाकडे गेला. तिचे काळे कपडे उतरवून तिला पांढरा रुमाल बांधला होता, आणि ती भिंतीला टेकून, डोळे मिटून बसली होती. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"आपा, मी सकाळी तुमच्याशी खोटं बोललो. मला नीट ऐकू येत नाही. माझ्यामुळे तुमची सुरुवात बिघडली. तुमच्या हाकेवर माझ्या गाड्याची शिट्टी आहे."

म्हातारीनं डोळे उघडले. पण वाडगा घेईना.

"ती हाक पुन्हा मारता येत नाही," शेवटी ती म्हणाली.

"माहीत आहे, आपा."

"वर्षभर पोटात धरून ठेवली होती मी ती."

ओमुरबेकनं मान खाली घातली. वाडगा हातात गार होत चालला होता. म्हातारीनं तो अखेर घेतला, एक घोट प्यायली, आणि तोंड वाकडं केलं.

"कालबुबूलाही ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "शेवटची किती वर्षं! विचारलं की म्हणायची, मला सगळं येतं. सगळे बहिरे असंच म्हणतात का रे?"

"सगळे."

"मी तिला कधी कळू दिलं नाही. घसा फाडून बोलायचे, आणि वर म्हणायचे, माझा आवाजच मोठा आहे, बाई. आजही हाक तशीच मारली. मोठ्यानं. तिला ऐकू जावी म्हणून." तिनं वाडगा खाली ठेवला. "तुझ्या शिट्टीच्या वर निघाली असेल बघ. जा, बघून ये. मला सांग."

तो परत गाड्याशी आला. सालकिननं सगळं ऐकलं होतं. तिनं न सांगता हेडफोन चढवले, सुरुवातीला नेऊन रेकॉर्डर चालू केला आणि डोळे मिटून घेतले. ओमुरबेक तिच्या तोंडाकडे बघत राहिला. उभ्या आयुष्यात लोक असे त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले होते, चांगलं आलं का, विचारत. तिनं पुन्हा एकदा सुरुवात ऐकली.

"निघालीये," ती म्हणाली. "वर निघालीये, आगाय. नाव स्वच्छ आहे."

"खरं?"

"खरं."

तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. इतके दिवस ती त्याला सांभाळून घेत होती तेव्हाही तिचा चेहरा असाच होता. खरं काय ते तिलाच माहीत. ते तपासून घ्यायला ओमुरबेककडे आता काही नव्हतं, आणि म्हातारी तिकडे भिंतीला टेकून वाट बघत होती.

तो गेला आणि तिला तसंच सांगितलं. म्हातारीनं मान हलवली आणि एका बाईला हाक मारून गरम चहा मागवला, त्याच्यासाठी.

परत आल्यावर त्यानं पाना काढला. आधी इन्व्हर्टरची तार तोडली. मग स्क्रीनचा दांडा ढिला केला आणि स्क्रीन उतरवून घोंगडीत गुंडाळला.

"काय करताय?" सालकिननं विचारलं.

"उभी राहा इथं. सरळ. हात पुढे कर."

ती उभी राहिली. रेकॉर्डरची फळी तिच्या कमरेच्या खाली येत होती. त्यानं चारही बोल्ट सैल केले आणि ती फळी तिच्या कोपराच्या उंचीला आणून घट्ट आवळली.